फ्लोरिडातला सान मार्कोसचा स्पॅनिश किल्ला तोफांनी का पडला नाही?

मेन कारण त्याचा दगड. हा किल्ला ज्या गावात आहे त्या सेंट ऑगस्टीनला स्पॅनिश लोकांचे आधीचे किल्ले लाकडाचे होते, ते एकतर कुजायचे नाहीतर जळायचे, मग १६६८ ला इंग्रज चाच्यांनी गाव लुटलं आणि १६७२ ला पक्क्या किल्ल्याचं काम सुरू झालं, ते १६९५ पर्यंत चाललं. दगड समोरच्या अनास्तासिया बेटावरचा, कोकिना म्हणतात त्याला, म्हणजे शिंपल्यांचे तुकडे एकमेकांना चिकटून झालेला. दिसायला एकदम ठिसूळ, पण बारीक छिद्रांमुळे तोफगोळा आदळला की दगड फुटत नाही, गोळाच भिंतीत रुतून बसतो. मला तर ही गोष्ट फार भारी वाटते!

१७०२ ला कॅरोलिना या उत्तरेकडच्या इंग्रज वसाहतीतल्या इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा गावातली जवळपास दीड हजार माणसं आत कोंबून बसली होती, बायकापोरांसकट, जवळपास दोन महिने. इंग्रज जाताना सगळं गाव जाळून गेले पण किल्ला काही मिळाला नाही. १७४० ला इंग्रजांनी परत वेढा घातला, तेव्हाही किल्ला मिळाला नाही.

अजून एक, ज्याबद्दल फार कमी बोललं जातं: इंग्रजांच्या मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांना स्पॅनिशांनी इथे स्वातंत्र्य दिलं (कॅथलिक व्हायच्या अटीवर), आणि १७३८ ला जवळच त्यांची मोसे नावाची वस्ती उभी राहिली, १७४० ला तेही लढले.

१७६३ ला किल्ला ब्रिटिशांकडे गेला तो तहात, लढून नाही.