कंबरदुखी, पाण्यातील व्यायाम आणि पोहणे

प्रश्न : माझे वय ५४ असून सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी २६ वर्षे दिवाणजी आहे. दिवसाचे आठ-नऊ तास गादीवर मांडी घालून लिहिण्यात जातात. दीड वर्षापासून कंबर दुखते. कमरेच्या चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी थोडी सरकल्याचे एमआरआयमध्ये दिसले. शस्त्रक्रिया नको, पाण्यात व्यायाम करा, असे डॉक्टरांनी सांगितले. लहानपणी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकल्यामुळे पाण्याची भीती नाही; पण गार पाण्याने कंबर आणखी धरेल, असे घरचे म्हणतात. तलावाची फी भरण्याऐवजी कृष्णेत पोहलो तर चालेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : डॉक्टरांनी तुम्हाला पाण्यात व्यायाम करायला सांगितले आहे; त्याचा अर्थ तुम्ही पोहणे असा घेतला आहे, आणि पोहता येणारे बहुतेक रुग्ण हीच गल्लत करतात. छातीवर पोहताना श्वासासाठी मान वर काढली की कंबर मागे वाकते. आधीच दुखणाऱ्या कमरेला हा बाक दर हातागणिक सोसावा लागतो. म्हणून पहिले काही आठवडे पोहू नका, पाण्यात चाला.

कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवर येणारा भार सुमारे निम्मा होतो आणि छातीइतक्या पाण्यात तो जेमतेम एक तृतीयांश उरतो. त्यामुळे जमिनीवर दुखण्याच्या धास्तीने आखडलेले स्नायू सैल पडतात आणि हालचाल मोकळी होते. शिवाय पाण्यात वेग दुप्पट केला की विरोध साधारण चौपट होतो, म्हणजे व्यायाम किती जड करायचा हे तुमच्याच पावलांच्या हाती राहते.

छातीइतक्या पाण्यात टाच आधी टेकवत पाच मिनिटे पुढे चाला. पाणी छातीला मागे ढकलते, तुम्ही ताठ राहू पाहता आणि पोटाचे स्नायू आपोआप आवळले जातात. मग तेवढेच मागे आणि बाजूला चाला. त्यानंतर एका हाताने काठ धरून एकेक गुडघा कमरेपर्यंत उचला आणि सावकाश खाली सोडा, प्रत्येकी दहा वेळा. शेवटी पोहायला शिकणारी मुले धरतात ती फळी दोन्ही हातांनी मांड्यांपर्यंत पाण्याखाली दाबून पाच अंक मोजा. श्वास मात्र रोखू नका. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण वीस मिनिटे पुरेत. पाण्यात दुखत नाही म्हणून अधिक करण्याचा मोह होतो, पण त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो : कळ मांडीतून खाली पोटरीकडे उतरत असेल तर व्यायाम निम्म्यावर आणा, पायातील कळ वर कमरेकडे सरकत असेल तर ते बहुधा चांगले लक्षण असते. बाहेर येताना शरीराचा सगळा भार परत कमरेवर येतो, म्हणून कठडा धरून सावकाश चढा आणि काही मिनिटे बसून राहा.

घरच्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. उपचारासाठीच्या तलावात पाणी ३३ ते ३४ अंश सेल्सिअस ठेवतात. साधा तलाव त्याहून गार असतो आणि गारठ्याने स्नायू आखडतात. थंडीचे दिवस टाळून उन्हाळ्यात, ऊन वर आल्यावर सुरुवात करा. कृष्णेत मात्र जाऊ नका. शेवाळलेल्या पायरीवर एकदा पाय घसरला तरी दीड वर्षाची काळजी वाया जाईल. तळ सारखा नाही, पाण्याला ओढ आहे आणि आपल्या भागात नदीत मगरी आहेत. नदीवर जीव असलेल्या सांगलीकराला हे लिहिताना मलाही वाईट वाटते.

दुकानातील बैठक तशीच राहिली तर पाण्यातील वीस मिनिटे अपुरी पडतील. दर अर्ध्या तासाने उठा, चार पावले चाला, आणि वही वाकून लिहावी लागणार नाही इतकी उंच ठेवा. पाण्यात कंबर मोकळी झाली की हेच व्यायाम हळूहळू जमिनीवर आणायचे आहेत.

बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, पायातून चप्पल निसटली तरी न कळणे किंवा पाऊल उचलता न येणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझे वय ६१ आहे. कंबर दुखते, पण पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते. हा व्यायाम मला जमेल का? — एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : जमेल, कारण यात पाय तळावरून सुटतच नाहीत. पहिल्या दिवशी फक्त कमरेइतक्या पाण्यात काठ धरून उभ्या राहा, चालायचे दुसऱ्या दिवशी. पाण्याच्या दाबाने रक्त छातीकडे ढकलले जाते. म्हणून हृदयविकार असल्यास किंवा रक्तदाब आटोक्यात नसल्यास आधी डॉक्टरांना विचारा. उघडी जखम असेपर्यंत किंवा ताप असताना तलावात उतरू नका. साडीऐवजी अंगाबरोबरचा पोहण्याचा पोशाख घाला, कारण भिजलेला सैल कपडा पायांत अडकतो. काठावर जीवरक्षक असेल आणि सोबत घरचे कोणी असेल, अशीच वेळ निवडा.