संगणक-शंका : विंडोज ११ पुन्हा पुन्हा माघारी का फिरते?

प्रश्न : आमचा छोटा छापखाना आहे. ज्या संगणकावर डीटीपीचे, म्हणजे छपाईची पाने जुळवण्याचे, काम चालते, त्यावर विंडोज १० आहे आणि मराठी फॉन्टचे जुने सॉफ्टवेअर यूएसबी लॉकवर (हे छोटे उपकरण संगणकाला जोडल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) चालते. विंडोज ११ टाकण्याचा प्रयत्न तीनदा केला. दर वेळी संगणक दोनदा रीस्टार्ट होतो, नंतर बदल मागे घेत असल्याचा संदेश येतो आणि विंडोज १० परत सुरू होते. शेवटी ‘०एक्ससी१९००१०१ – ०एक्स३००१८’ असा एरर कोड दिसतो. दुरुस्ती करणारे म्हणतात, फॉरमॅट मारा. तसे करावे का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : एवढ्यात फॉरमॅट मुळीच करू नका. तुमच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिकांच्या फाइल जुन्या, युनिकोड (सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असणार. सॉफ्टवेअर पुन्हा बसले नाही, तर त्या उघडूनही वाचता येणार नाहीत. म्हणून सर्व फाइलींची आणि फॉन्टची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, सॉफ्टवेअरची मूळ सीडी सापडते का ते पाहा आणि पुन्हा लागणाऱ्या कामांच्या पीडीएफ आजच काढून ठेवा.

आता एरर कोडकडे वळू. त्याचा पहिला भाग बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे, म्हणजे एखादे उपकरण विंडोजशी जोडून चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडे, बोट दाखवतो, पण खरी माहिती दुसऱ्या भागात असते, आणि नेमका तोच भाग लोक टिपून घेत नाहीत. तुम्ही तो जपून लिहून पाठवलात, त्यामुळे काम पुष्कळ सोपे झाले. त्यातील ‘एक्स’नंतरचा पहिला अंक अपग्रेड कोणत्या टप्प्यावर अडले ते सांगतो : १ म्हणजे जुने विंडोज चालू असताना, २ म्हणजे मधल्या तात्पुरत्या प्रणालीत, ३ म्हणजे नवे विंडोज पहिल्यांदा सुरू होताना आणि ४ म्हणजे त्यानंतर ते पुन्हा सुरू होताना. तुमचा अंक ३ आहे. याचा अर्थ, डिस्कवर फाइली नीट उतरल्या, तात्पुरत्या प्रणालीचा टप्पाही पार पडला, आणि नवे विंडोज एकेक उपकरण ओळखू लागले तेव्हा कुठल्या तरी ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले. यात हार्ड डिस्क बिघडल्याची कोणतीही खूण नाही.

माझा पहिला संशय यूएसबी लॉकवर आहे. लॉक नुसते काढून ठेवल्याने भागत नाही, कारण त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये तसाच राहतो. खातरजमा करायची असेल तर मायक्रोसॉफ्टचे ‘सेटअपडायग’ हे मोफत साधन चालवा. ते अपग्रेडच्या नोंदी चाळून अडथळ्याचे कारण शोधते आणि निकाल एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून देते. त्यात ड्रायव्हरचे नाव आले, तर अंदाज बांधत बसण्याची गरजच उरत नाही.

त्याआधी मात्र सॉफ्टवेअर ज्यांच्याकडून घेतले त्यांना विचारा, की विंडोज ११वर चालणारा लॉकचा ड्रायव्हर मिळतो का. मिळत असेल तर तो उतरवून घ्या, जुना ड्रायव्हर अनइन्स्टॉल करा आणि संगणक रीस्टार्ट करा. मग कीबोर्ड, माउस आणि मॉनिटर सोडून प्रिंटर, स्कॅनर, पेन ड्राइव्ह असे सारे काही काढा. वेगळा अँटिव्हायरस असेल तर तोही अनइन्स्टॉल करा. तो नुसता बंद ठेवणे पुरेसे नसते. सी ड्राइव्हवर किमान २० जीबी जागा मोकळी असावी. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. एवढे झाल्यावरच अपग्रेड सुरू करा, आणि पडदा कितीही वेळ एकाच टक्क्यावर थांबलेला वाटला तरी घाईने पॉवरचे बटण दाबू नका.

अपग्रेड झाल्यावर लॉकचा नवा ड्रायव्हर बसवून एक जुनी पत्रिका उघडा आणि जोडाक्षरे व रफार जागच्या जागी आहेत का ते छापून पाहा. काही बिनसले तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधील रिकव्हरीतून विंडोज १०वर परतता येते, तोवर ‘विंडोज.ओल्ड’ हे फोल्डर पुसू नका.

ड्रायव्हर मिळतच नसेल, तर हा संगणक विंडोज १०वर ठेवून फक्त डीटीपीसाठी वापरा आणि त्याचे इंटरनेट तोडा. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने ग्राहकांच्या ईमेल त्यावर उघडणे धोक्याचे आहे. त्यासाठी दुसरा संगणक वापरा.

एवढे करूनही अपग्रेड अडले तर नवा कोड पूर्ण लिहून कळवा. ३च्या जागी २ आला, तर शोध दुसरीकडे घ्यावा लागेल.