खिडकी उघडून बघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना परत वाचली. शिशाच्या रंगाचं काम झालेल्या अकरा घरांच्या फाइली पूर्ण, सगळ्यांचा क्लिअरन्स, म्हणजे धूळ तपासून दिलेला सुरक्षिततेचा दाखला, जोडलेला. शहराचा माणूस रोज फोन करतोय, तिमाही संपायला नऊ दिवस उरलेत आणि तुझे साहेब म्हणतात, फाइल स्वच्छ आहे, अनुदानाचे पैसे सोड. तू विचारतेस, "काका, कागदात चूक नाही, तरी सही करायला हात धजत नाही. माझंच काही चुकतंय का?"

घरं बघितलीस का गं? एवढी लांबलचक मेल लिहिलीस, त्यात एका खिडकीचा उल्लेख नाही.

अमेरिकेत शिशाच्या रंगावर १९७८ला बंदी आली, त्याआधीची घरं, सहा वर्षांखालची पोरं, त्यांच्या अंगात भिनणारं शिसं, हे तुला पाठ आहे. त्यावर शब्द घालवत नाही. मी एका घराबद्दल सांगतो. आजवर ते फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

२००६ साल. एरी सरोवराच्या काठावरचं जुनं शहर, दुमजली लाकडी भाड्याचं घर. हडच्या, म्हणजे अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याच्या, अनुदानातून काम झालेलं, मी देखरेखीला. तेव्हा जमिनीवरच्या धुळीत चौरस फुटाला ४० मायक्रोग्रॅम शिसं चालायचं, खिडकीच्या कट्ट्यावर २५०. रिपोर्टात दोन्ही आकडे आत बसत होते. फोटोत खिडक्या पांढऱ्याशुभ्र. बाहेर फेब्रुवारीचं बर्फ होतं. मी टेबलावरूनच सही केली.

जुलैत त्या घरातल्या धाकट्या मुलाच्या रक्तातलं शिसं वाढल्याचं कळलं. कामाआधी होतं त्याहूनही जास्त. मग मी गेलो. वरच्या खोलीत उकाडा असह्य होता. कामगारांनी जुन्या सरकत्या खिडकीवर इतका जाड रंग चढवला होता की पाट, म्हणजे तिचा सरकणारा भाग, चौकटीला चिकटून गेला होता. थंडीत कुणी उघडायला गेलंच नाही. उन्हाळ्यात आईने जेवणाच्या सुरीने फट कापली आणि तळहाताने ठोकून ठोकून पाट वर सरकवला. मी खाली खाचेत बघितलं. जुन्या रंगाचे पापुद्रे आणि तांदळाच्या पिठीसारखी करडी धूळ. वर कट्ट्यावर त्या पोराचा झाकणाचा कप ठेवलेला.

क्लिअरन्स खरा होता. नमुना बंद खिडकीचा घेतला होता, इतकंच. ती उघडून बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलोय आणि तुलाही तीच सांगतोय. खिडकी उघडून बघ. आकडे बदलत राहतात. ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संस्थेने, २०२४ साली ते ४०चे ५ आणि २५०चे खाली येत येत ४० केले. रक्तातली धोक्याची रेघ तेव्हा डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमवर होती, आता साडेतीनवर आहे. चांगलंच झालं, पण पाट चिकटलाय की सरकतो, हे कुठलीच प्रयोगशाळा सांगणार नाही. लाकडावर लाकूड घासतं तिथेच धूळ जन्मते, आणि घरांचा आकडा गाठायची घाई असली की तिथेच नुसता रंग मारून पुढे जातात, कारण खिडकी बदलणं महाग पडतं. शहराचा माणूस वाईट नसतो. त्याला आकडा दाखवायचा असतो. तुझ्या साहेबांनाही तोच दाखवायचा आहे. मग घर बघायचं कुणी?

यंदा सांगलीला गेलो तेव्हा आमच्या जुन्या घराच्या दारावरच्या ऑइलपेंटवर हात फिरवला आणि तसाच थांबलो. भारतात नव्या घरगुती रंगांना शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून आली. जुन्या दारांना ती कोण लावणार?

असो. तू म्हणशील, अडवलं आणि पैसे परत गेले तर? माझ्यावर तोच आरोप झाला. २००६ नंतर एका शहराचे अनुदानाचे हप्ते मी महिनोन्महिने रोखले. शेवटी त्यांची मुदत संपली आणि पैसा परत गेला. लोक म्हणाले, तुमच्या हट्टापायी कितीतरी घरं तशीच राहिली. खोटं नव्हतं ते. त्या घरांतही पोरं होती. मी या गोष्टीचा हिशेब अनेक रात्री मांडला आहे, आणि दर वेळी एकाच जागी येऊन थांबतो: ज्या घरात काम झालंच नाही, त्या घरची आई सावध तरी असते. ज्या घराला आपण सुरक्षित असल्याचं पत्र दिलं, तिथली आई पोराला खिडकीपाशी निवांत बसवते. तुला हे पटलं नाही तरी चालेल. मला पटलेलं आहे.

पण माझ्यासारखं महिनोन्महिने अडवू नकोस. तिथे मी चुकलो. फोनवर, पत्रात भांडत बसलो, जायला हवं होतं पहिल्याच आठवड्यात. तुझ्याकडे नऊ दिवस आहेत. अकरा जमणार नाहीत, चार बघ. चारही तू निवडलेली, शहराने सुचवलेली एकही नको. कुटुंबाला स्वतः फोन कर. टॉर्च ने. मागच्या खोलीपासून सुरू कर, समोरच्या खिडक्या सगळेच नीट करतात. दोन्ही पाट वरखाली करून बघ, खाचेत उजेड टाक, बाहेर खिडकीखालच्या मातीत पापुद्रे पडलेत का बघ. आईला विचार, काम चालू असताना तुम्ही कुठे राहिलात? "इथेच, खालच्या खोलीत" असं म्हणाली, तर ती फाइल तिथेच अडव. रिपोर्टातली वेळही बघ. शेवटची सफाई आणि नमुना यांत निदान एक तास गेला पाहिजे. तपासणारा ठेकेदाराचाच माणूस निघाला तर साहेबांना विचारत बसू नकोस, नियम तुझ्या बाजूने आहे.

आणि चारही घरं नीट निघाली तर त्याच संध्याकाळी पैसे सोड. एक दिवसही लावू नकोस, कामगारांचे पगार अडकलेले असतात.

मंगळवारी निघ. पहिल्या घरातली मागची खिडकी सरकली का, तेवढं मला तिथूनच कळव. मी फोन जवळ ठेवतो.

तुझा काका