बागेतल्या तळ्यात बेडूक का मरतात?

तुम्ही विचारलंय की बागेत नवीन तळं केलं, पावसाळ्यात बेडूक आपोआप आले, पण मधूनच एखादा मरून तरंगताना दिसतो. पाणी तर नितळ आहे, मग मरतात का? तळं कसलं बांधलंय ते तुम्ही लिहिलेलं नाही. पैज लावून सांगते, टाइल्सचं नाहीतर फायबरचं असणार, काठ सरळ उभे आणि पाणी काठापासून वीतभर खाली. तुमचे बेडूक बुडून मरतायत.

हसू नका. बेडूक बुडतो. मोठ्या बेडकाला कल्ले नसतात, फुफ्फुसं असतात. कातडीतूनही तो श्वास घेतो, पण आपल्याकडच्या कोमट पाण्यात तेवढ्यावर भागत नाही, नाक वर काढावंच लागतं. टेकायला जागा नसेल तर तो पोहत राहतो, दमतो आणि मरतो. त्यातही भेक, म्हणजे तो खरखरीत पाठीचा, रात्री अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपत बसणारा, पोहण्यात बेताचा आणि चढण्यात अगदीच कच्चा. एरवी तो जमिनीवरच असतो, पाण्यात येतो तो पावसाळ्यात, जोडी जमवून अंडी घालायला. आत उडी मारणं सोपं असतं, बाहेर यायला वाट नसते.

आमचं सासरचं जुनं घर बडोद्यात, दांडिया बाजाराच्या बाजूला. मागच्या चौकात विटा-चुन्याचा हौद होता, त्यात सासूबाईंची कमळं. आत एका कोपऱ्यात दोन ओबडधोबड पायऱ्या होत्या, गाळ काढायला उतरता यावं म्हणून. त्या हौदात मेलेला बेडूक मी कधी पाहिला नव्हता. मग घराची दुरुस्ती निघाली आणि धाकट्या भाऊजींनी त्या पायऱ्या फोडून आतून चकचकीत निळ्या टाइल्स बसवल्या. आलागेला कौतुक करायचा. पहिला मोठा पाऊस झाला आणि सकाळी भेक तरंगायला लागले, पोट वर, चारी पाय पसरलेले.

भाऊजींचं म्हणणं, पाण्यात दोष आहे. शेजारच्या बेन येऊन वाकून बघून गेल्या, "पाणी तो चोख्खुं छे." मग भाऊजी म्हणाले, साप मारत असेल. अहो, साप बेडूक गिळतो, मारून तरंगत ठेवत नाही! मांजर किंवा कावळा असेल तर अंगावर खुणा दिसतात. माझं कोण ऐकतंय? त्यांनी हौद उपसला, ब्लीचिंग पावडर टाकून घासला आणि सरळ नळाचं पाणी भरलं. त्या पाण्यात जे होतं नव्हतं ते बेडकाचं पिल्लूसुद्धा गेलं. बेडकाची कातडी पाणी आणि पाण्यातलं सगळं आत शोषून घेते, क्लोरीन, साबण, गुलाबावर मारलेलं औषध, सगळं. पिल्लांचे तर कल्लेच भाजून निघतात.

शेवटी एका रात्री पाऊस थांबल्यावर मी बॅटरी घेऊन हौदापाशी जाऊन बसले. एक मोठा भेक भिंतीला धरून पोहत होता. कोपरा आला की थांबायचा, पुढचे दोन्ही पंजे टाइलवर टेकवायचा, अंग अर्धं वर काढायचा आणि घसरायचा. परत पुढचा कोपरा. प्रत्येक वेळी नाक टाइलवर घासत होतं, नाकाच्या टोकाची कातडी सोलवटून पांढरी झाली होती. मी माळ्यावरची जुनी फळी आणली, तिला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं आणि एक टोक पाण्यात बुडेल, दुसरं काठावर टेकेल अशी तिरकी लावली. फिरत फिरत तो फळीपाशी आला, पंजा गोणपाटात रुतला, तसा वर चढला. मध्येच बराच वेळ धापा टाकत बसला, मग चौकात उतरून तुळशीवृंदावनामागे गेला.

त्यानंतर हौदात भेक मेला नाही. भाऊजी मात्र अजूनही, दिवाळीला सगळे जमले की, म्हणतात की पावसाने पाणी बदललं म्हणून थांबलं, बेडूक काय बुडतो होय! पाणी तेच होतं, नळ तोच, टाइल्स त्याच. नवीन होती ती फळी. ज्यांना तळं शोभेला हवंय त्यांनी काठ तिरके ठेवावेत, निदान एका बाजूला दगड रचावेत. एवढंही जमत नसेल तर तळं बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंटरनेटवर तुम्हाला बर्फाचं कारण वाचायला मिळेल. थंड देशांत तळं वरून गोठतं, तळाशी पाला कुजतो, ऑक्सिजन संपतो आणि तळाशी निजलेले बेडूक गुदमरतात. ते तिथे खरं आहे. आपल्याकडे त्रास मे महिन्यात होतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात, त्यात शेवाळं असलं तर पहाटे आणखी कमी. तेव्हा पाला काढत जा. नळाचं पाणी एकदोन दिवस उघडं ठेवून मगच ओता, माशांसाठी म्हणून मीठ टाकू नका. डासांसाठी गप्पी मासे सोडले असतील तर बेडकाची पिल्लंही ते खाणार.

मी काही पशुवैद्य नाही आणि तुमचं तळं पाहिलेलं नाही, तेव्हा आधी कोण मरतंय ते बघा. फक्त भेक मरत असतील आणि पाण्यावरून टणाटण पळणारे छोटे बेडूक मजेत असतील, तर काठाचा दोष. एकाच दिवसात सगळेच गेले तर पाण्यात काहीतरी पडलंय. मांड्या आणि पोट लालभडक दिसत असेल तर संसर्ग असू शकतो, तेव्हा जाणकाराला दाखवा. १९९९ साली जिला नाव मिळालं त्या कायट्रिड बुरशीने ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या, पण तिला गारवा लागतो, आपल्या उन्हाळ्यात तिचा संशय शेवटी घ्यावा. मेलेला भेक उघड्या हाताने उचलू नका, डोळ्यामागच्या गाठींतलं पांढरं विष डोळ्यात गेलं तर फार जळजळतं. घरात कुत्रा असेल तर त्यालाही तोंड लावू देऊ नका.