अंतर भागिले वेग, पण कुठला वेग?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लंडन ते न्यूयॉर्क अंतर साधारण 5,540 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे सहा तास दहा मिनिटांत पोचायला हवं. मग वेळापत्रकात जाताना आठ तास आणि येताना सात का?

तुमचा भागाकार बरोबर आहे. घोळ त्या 900 मध्ये आहे. तो विमानाचा हवेतला वेग, आणि हवा काही एका जागी थांबलेली नसते. साधारण 10 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वाऱ्याचा पट्टा वाहतो. हिवाळ्यात त्याला जोर चढतो, कधी कधी ताशी 200 किलोमीटरच्याही वर. बरेच जण म्हणतात की पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो. तसं नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, फरक वाऱ्याचाच.

सरासरी वारा 100 चा धरून बघा. जाताना जमिनीवरचा वेग 800, म्हणजे 6 तास 55 मिनिटं. येताना 1,000, म्हणजे 5 तास 32 मिनिटं. दोन्ही मिळून 12 तास 27 मिनिटं झाली. वारा नसता तर 12 तास 19 मिनिटांत जाऊन-येऊन झालं असतं. जाताना गमावलेलं येताना पुरतं भरून निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं. मला हे पहिल्यांदा कागदावर मांडल्यावरच पटलं होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या पाठबळावर ब्रिटिश एअरवेजचं एक 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं!

उरलेला तासभर जमिनीजवळ जातो. वेळापत्रकातली वेळ गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतची असते. त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढतानाचा कमी वेग, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं आलं.

आता ते 5,540. सपाट नकाशावर पट्टी ठेवून ते मिळणार नाही. पृथ्वीगोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो आयर्लंड, न्यूफाउंडलंड असा उत्तरेकडून वळसा घेताना दिसेल. सगळ्यात जवळचा रस्ता तोच. पण दरवेळी त्याच रेषेवरून उडता येतंच असं नाही. 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी–टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. शहरं होती तिथेच आहेत.

तिकिटावरून खरा वेळ काढताना दोन्हीकडच्या वेळा स्थानिक असतात हे विसरू नका. लंडनहून सकाळी 11 ला सुटून न्यूयॉर्कला दुपारी 2 ला पोचलात तर घड्याळात तीनच तास दिसतात, त्यात फरकाचे पाच मिळवायचे. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटी मात्र काही दिवस हा फरक चारच तासांचा असतो, कारण दोन्ही देश उन्हाळी वेळ वेगवेगळ्या रविवारी बदलतात. पुढचं विमान पकडायचं असेल तर अंतर मोजत बसू नका. त्याच महिन्याचं, त्याच दिशेचं वेळापत्रक बघा, आणि पश्चिमेला जाणार असाल तर मध्ये जास्त वेळ ठेवा.