बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या ज्यू समाजातल्या मैत्रिणीचं बाळ पोटातच गेलं. समाजात आयांचा सत्कार आहे, तिला घेऊन जाऊ का? ज्यू धर्मात अशा आईसाठी काही विधी असतो का?

तिला विचारल्याशिवाय अजिबात नेऊ नका. मी स्वतः बेने इस्राएल, ठाण्याची, आणि हे सत्कार जवळून बघितलेत म्हणून लिहितेय.

माझ्या आत्याला मूल नव्हतं. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या टापाला, म्हणजे त्याच्या पवित्र जागी जाऊन नवस बोलली, घरी मलिदा, म्हणजे नवसाचा प्रसाद केला, पोहे गूळ खोबरं वेलची सगळं स्वतःच्या हातांनी, पण नाही झालं. पुढे माझी आई गेली आणि आम्हा भावंडांना आत्यानेच वाढवलं, शुक्रवारचे दिवे तिनेच लावले, तापात उशाशी तीच, माझं बाळंतपण पण तिनेच काढलं. आणि एका कार्यक्रमात माइकवरून "सगळ्या आयांनी पुढे या" म्हटल्यावर ती उठायला लागली तर शेजारची बाई म्हणते, अगं तू कुठे चाललीस, हे आयांचं आहे! आत्या गप खाली बसली. मी कमिटीतल्या एका काकांशी भांडले तर म्हणे जन्म देते ती आई, धर्मात तसंच आहे.

कुठल्या धर्मात? तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) जुन्या ग्रंथात, त्याच्या सन्हेद्रिन भागात सरळ लिहिलंय की अनाथ लेकराला घरात वाढवलं म्हणजे जणू त्याला जन्मच दिला. बाळंत होते रूथ आणि शेजारणी म्हणतात तिच्या सासूला, नामीला मुलगा झाला, हे आपण दर शबुओथच्या सणाला वाचतो ना? नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हशानाला, पहिल्या दिवशी हन्नाची गोष्ट वाचतात. मूल नाही म्हणून रडतेय, नुसते ओठ हलतायत, एली याजकाला वाटतं ही दारू प्यायलीय. प्रार्थना कशी करायची याचे नियम रब्बींनी याच बाईकडून घेतले, आणि तेव्हा ती कुणाची आई नव्हती! दुसऱ्या दिवशी राहेल, लेकरांसाठी रडणारी, कुणी समजूत घातली तरी न ऐकणारी.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणाल तर जुन्या नियमात तीस दिवसांच्या आत गेलेल्या बाळासाठी शिव्हा, म्हणजे सात दिवसांचा शोक पाळत नाहीत, त्यामुळे घरचे लगेच "विसर आता" सुरू करतात. ते मला पटत नाही. अमेरिकेत बॉस्टनजवळ मायिम हायिम नावाचा मिकवे, म्हणजे धार्मिक स्नानाचं कुंड 2004 पासून आहे, तिथे गर्भ गेलेल्या बायका खास प्रार्थना म्हणून पाण्यात बुडी घेतात. आपल्याकडे तिची इच्छा असेल तर घरातच दिवा लावून तिच्याजवळ बसा, राहेलचा तो भाग वाचा, बायबलमधल्या यिर्मयाच्या पुस्तकात, एकतिसाव्या अध्यायात आहे. अर्थात घराघरात रिवाज वेगळे असतात, कद्दीश (गेलेल्यांसाठी म्हणतात ती प्रार्थना) वगैरेचं आधी हझानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना विचारा, आणि तिला काहीच नको असेल तर राहू दे.

आयोजक ओळखीचे असतील तर त्यांना सांगा की कुणालाही पुढे बोलावू नका, फुलं द्यायचीच तर दारात प्रत्येक बाईच्या हातात द्या. जिने जन्म दिला नाही तिला कशाला असं कुणी विचारलं तर रूथचा चौथा अध्याय सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा.