वेदीवर लाल कापड का?

प्रश्न : माझी मुलगी लुथरन मंडळीत (मार्टिन लुथर यांच्या शिकवणीवर चालणाऱ्या चर्चमध्ये) दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्म्यातली श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या तयारीच्या, वर्गाला जाते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी वेदीवरचं हिरवं कापड काढून लाल अंथरलं होतं. ते का? आणि मुलांकडून धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं पाठ करून घेण्यात आज काही अर्थ आहे का?

उत्तर : लाल रंग पवित्र आत्म्याचा आणि रक्तसाक्ष्यांचा, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांचा. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथर यांनी पापक्षमापत्रांच्या (पापाची शिक्षा माफ झाल्याचं सांगणाऱ्या चर्चच्या पत्रांच्या) विक्रीविरुद्ध ९५ सिद्धान्त मांडले, त्याचं स्मरण त्या रविवारी होतं, म्हणून लाल. पेन्टेकॉस्टलाही, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणालाही, वेदी लालच दिसेल.

आता पाठांतर. मी हा वर्ग वर्षानुवर्षं घेते, तेव्हा माझं उत्तर ठाम आहे : हो, अर्थ आहे. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातल्या मंडळ्या पाहताना लोकांना येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’सुद्धा येत नाही हे बघून लुथर हळहळले आणि १५२९ मध्ये त्यांनी लघु प्रश्नोत्तरी, म्हणजे प्रश्न-उत्तरांतून श्रद्धा शिकवणारं छोटं पुस्तक, लिहिली. त्यात बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी प्रत्येक आज्ञेनंतर एकच प्रश्न येतो : ‘याचा अर्थ काय?’ ‘चोरी करू नको’ ही आज्ञा घ्या. पैसे लुबाडू नका, एवढ्यावर उत्तर थांबत नाही. शेजाऱ्याची मालमत्ता आणि उपजीविका सुधारायला, राखायला त्याला मदत करा, असं ते सांगतं. इथे मुलं हमखास अडतात आणि मग वर्गात खरी चर्चा रंगते! नुसती घोकंपट्टी मात्र मलाही मान्य नाही.

ही प्रश्नोत्तरी मुळात घरातल्या वडीलधाऱ्यांनी शिकवावी म्हणूनच लिहिलेली आहे. रात्री जेवणानंतर लेकीबरोबर एकेक आज्ञा वाचा, आणि ‘याचा अर्थ काय?’ हे तिला तुम्हाला विचारू द्या.